तासाआधीचा पाव तास

मित्रांनो, वर्गात कॅमेरा लावला की सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. केस सारखे करतात, घसा खाकरतात, बाकाखाली चाललेलं खाणं लपवतात. कॅमेऱ्याच्या खाली कोण उभं आहे, ते मात्र कुणी बघत नाही. खाली मी असते. तीन लाकडी पाय, पिवळा रंग, पायांना लोखंडी टोकं, अशी मी एक म्हातारी तिवई. माझ्या डोक्यावर मिरे वाटायला आलेले चार कॅमेरे आजवर भंगारात गेले आणि मी अजून उभी आहे, हे आधीच सांगून ठेवते. थोडा गर्व आहे मला. असू दे.

खरं तर माझा जन्म कॅमेऱ्यासाठी झालाच नव्हता. उत्तरेकडच्या डोंगरात, बीच नावाच्या झाडांच्या जंगलाजवळच्या एका कारखान्यात मी घडले. एका सुताराने माझे पाय जवसाच्या तेलात मुरवले आणि सांधे असे बसवले की मी टेकले की टेकले. त्या काळी आमचा देश आजच्यापेक्षा मोठा होता आणि जिकडेतिकडे रस्ते काढणं चाललं होतं. जमीन मोजणाऱ्यांना दुर्बीण ठेवायला माझ्यासारखी लागायची. त्यांनी मला समुद्रकाठी आणलं. खाली समुद्र, वर उघडेबोडके दगड आणि मध्ये पाय रोवून मी, अशी माझी तरुणपणची वर्षं गेली. "ही पिवळी हलत नाही," असं ते एकमेकांना सांगत. पिवळी हेच माझं नाव पडलं.

त्यांच्यात बार्तुल झोरिच नावाचा एक किडकिडीत तरुण होता. एकदा धुक्यामुळे समोरची टेकडी दिसेना. साहेब म्हणाले, अंदाजाने काढून टाक, वर कोण बघायला जातंय. झोरिचने मला खांद्यावर घेतलं आणि काट्याकुट्यांतून दुपारभर चढून टेकडी मोजून आला. शर्ट फाटला, साहेब रागावले. तो एवढंच म्हणाला, "पाहिलं नाही ते नकाशावर काढायचं नाही." पुढे तो विद्यापीठात प्रोफेसर झाला, आणि हेच वाक्य दरवर्षी वर्गात छत हादरेल अशा आवाजात सांगू लागला.

मोजायची नवी यंत्रं आली तशी मी विद्यापीठाच्या कोठीत जाऊन पडले. गुंडाळलेले नकाशे, एक मोडका पृथ्वीचा गोल आणि मी. मधल्या वर्षांत देशाचं नाव बदललं, नाणी बदलली, कोठीचं कुलूप तेवढं तेच राहिलं. आपलं आयुष्य संपलं असं मी धरून चालले होते.

मग तो वाऱ्याचा हिवाळा आला. आमच्याकडे डोंगरावरून समुद्रावर कोसळणारा एक कोरडा, थंड वारा असतो. त्याला आम्ही बूरा म्हणतो. तो सुटला की बोटी धक्क्याला बांधून ठेवतात आणि बेटांवरची माणसं बेटांवरच राहतात. त्या वर्षी तो असा मुक्कामाला आला की आठवडेच्या आठवडे बोट नाही. बेटांवरून शिकायला येणारे चारपाच विद्यार्थी वर्गातून गायबच झाले. त्यांतली एक स्तोशिया.

स्तोशिया तिशी ओलांडलेली बाई होती. व्रूल्या नावाच्या बेटावरच्या शाळेत ती स्वयंपाक करायची. शाळा म्हणजे एक खोली आणि तीन मुलं. शहरातून येणारे शिक्षक एक हिवाळा काढत आणि पळ काढत. आताच्या शिक्षिकेनेही सांगून टाकलं होतं, या उन्हाळ्यानंतर मी नाही. बेटावर कायम राहणारं कुणी पदवी घेऊन तिच्या जागी उभं राहिलं तर शाळा चालणार, नाहीतर सप्टेंबरात कुलूप. मग मुलं शहरातल्या वसतिगृहात जाणार, त्यांच्यामागे त्यांचे आईबाप जाणार आणि बेटावर म्हाताऱ्या तेवढ्या उरणार. म्हणून स्तोशियाने या वयात विद्यापीठात नाव घातलं होतं. बाकीचे विषय सुटले होते. राहिला होता एकच, प्रोफेसर झोरिचांचं नकाशाशास्त्र.

तास रेकॉर्ड करून बेटांवर पाठवावेत ही कल्पना नेडोची. नेडो आमचा तंत्रज्ञ, माइक आणि पडद्यांची कामं बघणारा. त्याने कॅमेरा आणला आणि बरोबर ॲल्युमिनियमचा एक चकचकीत स्टँड. पहिल्याच दिवशी वाऱ्याने दार आपटलं आणि स्टँड कॅमेऱ्यासकट आडवा झाला.

"हा स्टँड नाही प्रोफेसर, बगळा आहे," नेडो म्हणाला. "एकाच पायावर उभा राहतो."

"कोठीत बघ," प्रोफेसर म्हणाले. "माझी पिवळी असेल तिथे."

मित्रांनो, कोठीच्या दाराआडून मी ते ऐकलं. इतक्या वर्षांनी कुणी आपल्या नावाने आठवण काढली की काय होतं, ते लाकडालाही कळतं. माझा स्क्रू जाड आणि कॅमेऱ्याचं भोक बारीक, म्हणून नेडोने एका जुन्या होडीच्या पितळी तुकड्यातून जोड घडवून आणला. दुसऱ्या दिवशी दार पुन्हा आपटलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हलले नव्हते.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. वेळापत्रकात दहाचा तास लिहिलेला असेल तर तो सव्वादहाला सुरू होतो. दहा म्हणजे दहा असं फक्त परदेशी पाहुण्यांना आणि नव्या मुलांना पहिल्या दिवशी वाटतं. मधला पाव तास सगळ्यांच्या हक्काचा. कुणी कॉफी संपवतं, कुणी बुरेकचा, म्हणजे चीज भरलेल्या पेस्ट्रीचा, शेवटचा घास घेतं, कुणी जिन्यात प्रेमात पडतं. बाकीचे प्राध्यापक सव्वादहाला घड्याळ बघत येत. झोरिच मात्र दहाच्या ठोक्याला थर्मास घेऊन हजर. पहिल्या बाकावर फळ्याकडे पाठ करून बसायचे आणि गप्पा ठोकायचे. गुडघ्याचं दुखणं, बायकोने फेकून दिलेली लाडकी चप्पल, मासळीबाजारात कालचा मासा आजचा म्हणून कसा गळ्यात मारला, असलं काहीही. मुलं त्यासाठी मुद्दाम लवकर येत. सव्वादहा झाले की ते उठत, खडू घेत आणि अगदी वेगळे होऊन जात. कडक, मोठ्या आवाजाचे, आणि फळ्यावर लिहिलेल्याच्या नेमके पुढे उभे राहणारे.

नेडोला तीन सभागृहं सांभाळायची असत. तो दहाला येऊन बटण दाबी आणि पुढच्या जिन्याकडे धावे. कॅसेट एका तासाची. पाव तास गप्पा आणि पाऊण तास शिकवणं, कॅसेट बरोबर भरायची. कापाकापी करायला त्याला सवड कुठली! तो कॅसेटवरून डीव्हीडी काढी, वर्तमानपत्रात गुंडाळी आणि वारा पडून बोट सुटली की पावाच्या टोपल्यांबरोबर खलाशाच्या हाती देई. बेटांवर तेव्हा इंटरनेट असून नसल्यासारखं होतं.

काही आठवड्यांनी दुयाम नावाच्या एका वात्रट पोराने बातमी दिली.

"प्रोफेसर, तुम्ही विभागप्रमुखांबद्दल जे म्हणालात ना, ते बेटांवर पोचलं."

"काय म्हणालो मी?"

"की ते स्वतःच्या स्वयंपाकघराचा नकाशा घेऊन निघाले तरी चुकतील."

प्रोफेसरांच्या हातातला पेला तसाच राहिला. नेडोला बोलावणं गेलं.

"मी बटण दाबतो, प्रोफेसर," नेडो म्हणाला. "काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवता."

"गप्पा काप. शिकवणं तेवढं पाठव."

नेडोने कापायला सुरुवात केली. माझ्या डोक्यावरच्या कॅमेऱ्याला काहीच वाटलं नाही. त्याला कशाचंच काही वाटत नसे.

फेब्रुवारीत दोन दिवस समुद्र शांत झाला आणि स्तोशिया आली. वाऱ्याने गाल फाटलेले, हातात सुक्या अंजिरांची टोपली. तिसऱ्या ओळीत बसून तिने तास ऐकला आणि सगळे गेल्यावर प्रोफेसरांसमोर उभी राहिली.

"प्रोफेसर, सुरुवातीचं का बंद केलंत?"

"कसली सुरुवात?"

"गप्पांची. हल्ली डीव्हीडी लावली की तुम्ही एकदम फळ्यापाशीच. कुणीतरी मागून ढकलून वर्गात लोटल्यासारखं होतं."

"अहो, त्यात अभ्यासाचं काडीचं काही नसतं."

"असं कसं? तुमच्या गप्पा लागल्या की मी इथे येऊन बसते. मग पुढचं डोक्यात शिरतं. नुसतं शिकवणं लावलं तर मी माझ्या स्वयंपाकघरातच असते, आणि डोळे चुलीवरच्या दुधाकडे."

 प्रोफेसरांनी एक अंजीर उचललं आणि बराच वेळ चावत बसले. ती गेल्यावर नेडो माझे पाय दुमडायला आला तेव्हा म्हणाले, "राहू दे सुरुवात. मी तोंड सांभाळतो."

"ते काही तुम्हाला जमायचं नाही."

"मग न सांभाळता जाऊ दे."

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले दिवस. प्रोफेसर आता गप्पा मारता मारता मध्येच माझ्या डोक्यावर बघत आणि विचारत, "स्तोशिया, तुमच्याकडे वारा कसा आहे?" मग कुणी उत्तर देईल एवढा वेळ थांबत. पहिल्यांदा वर्ग हसला. मग मुलांनाही सवय लागली. कुणी बेटावरच्या मावसभावाला निरोप देई, कुणी नवा कोट दाखवी. दुयाम तर रोज बुरेक घेऊन पुढे येऊन उभा राही. "बघ स्तोशिया, तुझ्या वाटचा आहे. बोटीने तिकडे पोचेपर्यंत दगड होईल, म्हणून मीच खातो." तिसऱ्या ओळीतल्या तिच्या जागेवर कुणी बसत नसे. बसलं तर दुयाम उठवायचा.

कॅमेऱ्याला वाटे, सगळे त्याच्याशीच बोलताहेत. तो फुगून बसे. मी खाली उभी राहून ऐकत असे, आणि मला इतकं बरं वाटे की मी कधी करकरलेसुद्धा नाही.

मे महिन्यात घोडं अडलं. आमच्याकडे परीक्षेला बसायचं तर आधी विद्यार्थ्याच्या पुस्तिकेत प्राध्यापकाची सही लागते. हा विद्यार्थी माझ्या वर्गात हजर होता, एवढाच त्या सहीचा अर्थ. नियम जुना, सगळ्यांना ठाऊक असलेला. शेवटच्या तासानंतर स्तोशियाने आपली पुस्तिका टेबलावर ठेवली.

प्रोफेसरांनी चष्मा काढला. "निम्म्याहून जास्त तास तुम्ही इथे नव्हता."

"बोट नव्हती."

"माहीत आहे मला."

"एकूण एक तास बघितलाय, प्रोफेसर. विचारा काहीही."

"विचारायचं ते परीक्षेत विचारतात. ही सही परीक्षेची नाही. तुम्ही हजर होता असं मी लिहून द्यायचं, आणि मी तर तुम्हाला पाहिलेलं नाही. आणि जे पाहिलं नाही..."

पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. वर्गातल्या सगळ्यांना ते पाठ होतं.

स्तोशियाने पुस्तिका उचलली आणि कोटाच्या बाहीला पुसून पिशवीत ठेवली. "मग सप्टेंबरात शाळेला कुलूप," ती म्हणाली. "तुमच्यावर राग नाही माझा. तुम्ही आधीपासून असेच आहात, ते मला माहीत होतं." आणि बोट चुकेल म्हणून घाईने निघून गेली. ती भांडली असती तर प्रोफेसरांना सोपं गेलं असतं. ते बाकावर बसून राहिले.

नेडो आला तो धुमसतच आला. "अख्खा हिवाळा ती बाई तुमचं ऐकत बसली. तुमच्या बायकोने तरी एवढं ऐकलंय का कधी?"

"बायकोच्या पुस्तिकेवर मला सही करायची नसते."

"पाहिलं नाही म्हणे! तर मग जाऊन बघा ना. पूर्वी डोंगर चढून जायचात म्हणून सांगता दरवर्षी. आता काय झालं?"

प्रोफेसरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या एका पायावर त्या टेकडीवरच्या काट्यांचे ओरखडे अजून आहेत. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"शनिवारी बोट किती वाजता आहे?" त्यांनी विचारलं.

बातमी फुटली आणि सगळा वर्ग मागे लागला. एकटा दुयाम येऊ शकत नव्हता. उन्हाळ्याचे पाहुणे यायच्या आत त्याच्या आईला घराच्या खोल्या रंगवून हव्या होत्या आणि ब्रश त्याच्या हातात होता. तो रंगाने माखलेल्या कपड्यांत धक्क्यावर आला आणि नेडोला म्हणाला, "सगळं रेकॉर्ड करून आणा. आणि सुरुवात कापलीत तर बघा."

नेडोने मला बोटीवर पुढच्या बाजूला उभं केलं. किती वर्षांनी माझ्या पायांना खारा वारा लागला. प्रोफेसर कठड्याला धरून उभे होते.  एवढ्या लांब जाऊन तिथे काही दिसलं नाही, तर हा माणूस सही न करता परत येईल, हे मला चांगलं माहीत होतं. तिकडे स्तोशियाला आम्ही येतोय याचा पत्ताही नव्हता.

व्रूल्याच्या धक्क्यावर काळ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या पावाची वाट बघत उभ्या होत्या. प्रोफेसर फळीवरून खाली उतरले, तशी त्यांतली एक पुढे आली. तिचं नाव पेरिना. सगळे तिला तेता म्हणतात, म्हणजे मावशी.

"आलात का?" तेता पेरिना म्हणाली. "गुडघा कसा आहे?"

प्रोफेसरांनी मागे वळून पाहिलं, आपल्यालाच विचारताहेत का ते.

"चप्पल मिळाली का शेवटी?" दुसरीने विचारलं.

"आणि ते तुमचे विभागप्रमुख? सापडले का स्वयंपाकघरात?"

मुलं हसता हसता जाळ्यांच्या ढिगावर कोसळली. प्रोफेसरांना काय करावं कळेना. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"हिवाळ्यात इथे करायचं काय?" तेता पेरिना सांगू लागली. "स्तोशिया शाळेत टीव्ही लावते. आम्ही विणकाम घेऊन जातो. तुम्ही बोलता छान. पण ते खडूचं सुरू झालं की आम्ही उठतो हं. वाईट वाटून घेऊ नका."

"नाही, नाही. आमच्याकडेही पुष्कळांना तेव्हाच उठावंसं वाटतं," प्रोफेसर म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आणि ती? ती उठते का?"

"ती कसली उठते! दोनदा दोनदा लावते एकेक. एकदा पोरांचं सूप करपलं, सगळ्या बेटाला वास आला, तरी बाईसाहेब वही घेऊन बसलेल्या. मीच जाऊन भांडं उतरवलं."

 प्रोफेसर शाळेकडे निघाले ते गुडघा विसरून.

शाळेच्या खोलीत टीव्ही होता, त्याच्यासमोर बसून बसून झिजलेली एक खुर्ची होती, आणि समोरच्या फळ्यावर एक नकाशा. व्रूल्याचा. किनारा, विहीर, चर्च, आणि टेकडीच्या उंचीच्या रेषा, एकात एक, लहान मुलांच्या वाकड्यातिकड्या हाताने काढलेल्या. स्तोशिया आतून हात पुसत आली आणि आम्हाला बघून दारातच थबकली. प्रोफेसरांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते फळ्याला नाक लावून उभे होते.

"कोणी काढलं हे?"

"आम्ही," सातआठ वर्षांची एक मुलगी म्हणाली. तिचं नाव येर्का. "दोरी घेऊन वर चढलो आणि मोजलं. त्या कड्याच्या मागे जाता येत नाही, म्हणून तिकडे कोरंच ठेवलंय. पाहिलं नाही ते काढायचं नाही."

"हे तुला कोणी शिकवलं?"

येर्काने त्यांच्याकडे अशी नजर टाकली, जणू विचारणारा जरा मंद असावा. "तुम्हीच की," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही खडू मोडला होता."

मित्रांनो, मी झोरिचांना उन्हात पाहिलं होतं, पावसात पाहिलं होतं, फाटक्या शर्टात साहेबांच्या शिव्या खाताना पाहिलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांनी न वळताच हात मागे केला. "स्तोशिया, पुस्तिका आणा."

त्यांनी त्या चिमुकल्या बाकावर वाकून सही केली. नेहमीपेक्षा मोठी केली. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग म्हणाले, "उत्तरेची खूण चुकली आहे. मुलांची नाही, तुमची चूक. आता बसा सगळे. बोट संध्याकाळी आहे, तेवढ्यात एक तास होतो."

आणि गंमत बघा, तो तासही पाव तास गप्पा झाल्यावरच सुरू झाला. खडूचं सुरू झालं तशा म्हाताऱ्या उठायला लागल्या, पण दारात पाय पसरून मी उभी होते आणि मला ओलांडायची कुणाची हिंमत झाली नाही. त्यांनी अख्खा तास ऐकला. दुयामने पुढच्या आठवड्यात तो रंगाच्या डब्यावर बसून बघितला.

जूनमध्ये स्तोशिया परीक्षेत पास झाली. प्रोफेसरांनी तिला सगळ्यांत वरची श्रेणी दिली नाही, एक खालची दिली. दिशा सांगताना तुम्ही घाई करता, म्हणाले. सप्टेंबरात व्रूल्याची शाळा उघडली आणि फळ्यापाशी ती उभी राहिली.

पुढे काळ बदलला. छताला नवे कॅमेरे आले. त्यांना तिवई लागत नाही, बटण दाबणारा लागत नाही. सव्वादहाला ते आपोआप जागे होतात आणि अकराला डोळे मिटतात. तास संपायच्या आत तो सगळ्यांच्या फोनवर पोचलेला असतो. चित्र इतकं स्वच्छ की खडूची भुकटी दिसते. आमच्या जुन्या कॅसेटीही कुणीतरी इंटरनेटवर चढवल्या. चांगलं झालं. फक्त प्रत्येकीचा पहिला पाव तास नीट कापून टाकला होता, कारण त्यात शिकवणं नव्हतं.

झोरिच गेले ते एका जानेवारीत. बूरा सुटलेला, बोट बंद. नेडो तेव्हा निवृत्त झाला होता. त्याने येऊन मला कोठीतून काढलं, दफनभूमीच्या भिंतीपाशी उभं केलं आणि स्वतःचा छोटा कॅमेरा माझ्यावर बसवला. पाद्री यायच्या बराच आधी त्याने बटण दाबलं. तेव्हा लोक कोटांची कॉलर वर करून घोळक्याने उभे होते आणि झोरिचांच्या गप्पा एकमेकांना सांगून हसत होते, डोळे पुसत होते. दुयाम सगळ्यांत जास्त हसत होता आणि सगळ्यांत जास्त रडत होता. ते सगळं त्या दिवशी इंटरनेटवरून व्रूल्याला गेलं. तेवढं माझ्या हातून झालं याचं मला समाधान आहे. ते माझं शेवटचं काम.

आता मी सभागृहाच्या दाराबाहेर असते. कुणीतरी मला कोट अडकवायला ठेवलं. पण कोट यायचे कुठून? आम्ही रेकॉर्डिंग सुरू केलं ते ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी. हळूहळू ज्यांना येता येतं तेही यायचे थांबले. घरी बघू, नंतर बघू, भरभर पुढे सरकवून बघू. आत डॉक्टर मिरना नावाची तरुण प्राध्यापिका रिकाम्या खुर्च्यांना शिकवायची. आवाजावरून कळायचं की समोर कुणी नाही. मी दिवसचे दिवस नुसती उभी असे आणि मला फार एकटं वाटे.

गेल्या ऑक्टोबरात एका सोमवारी, बरोबर दहाला, एक मुलगी आली. तिने माझ्यावर कोट अडकवला, आत जाऊन तिसऱ्या ओळीत बसली आणि वाट बघू लागली. डॉक्टर मिरना नेहमीप्रमाणे सव्वादहाला आली आणि दारातच थांबली.

"चुकून आलीस का ग?"

"नाही. पहिल्या वर्षाची आहे. येर्का. व्रूल्याहून आले."

"तुला कुणी सांगितलं नाही का? सगळं घरी बघता येतं. एवढ्या वाऱ्यात बोटीने कशाला यायचं?"

"माहीत आहे मला," येर्का म्हणाली. "मी बघत बघतच मोठी झाले. बघून बघूनच तर इथे येऊन बसावंसं वाटलं." मग म्हणाली, "पण तुम्ही आत्ता का आलात? मी दहापासून वाट बघतेय. इथे आधी गप्पा मारतात ना?"

डॉक्टर मिरनाचा हात दारावरच होता. दाराबाहेर मी, तिच्याइतकीच चकित. त्या दिवशी डॉक्टर मिरना तास घेऊन निघून गेली. पण पुढच्या सोमवारी ती दहाला आली. हातात कागदी पेल्यात कॉफी होती. पहिल्या बाकावर अवघडून बसली, काय बोलावं तिला सुचेना. शेवटी शेजारणीची चादर वाऱ्याने उडून आपल्या बाल्कनीत कशी आली, ते सांगू लागली. येर्का हसली. त्याच्या पुढच्या सोमवारी येर्काच्या वसतिगृहातल्या दोघी आल्या, चादरीचं पुढे काय झालं ते ऐकायला.

छतावरच्या कॅमेऱ्याला यातलं काही माहीत नाही. तो सव्वादहाला उठतो. म्हणून हे मला सांगावं लागलं.

मित्रांनो, तुमचे वर्ग जरूर रेकॉर्ड करा आणि सगळ्यांना वाटा. वाऱ्यापलीकडे कुणीतरी नेहमीच असतं. कुणी आजारी असतं, कुणी कामावर असतं, कुणाच्या कडेवर मूल असतं. त्यांच्यासाठी करा, मनापासून करा, आणि कापताना माणसं कापू नका. पण ज्यांची बोट दारात उभी आहे, त्यांनी बोटीत बसावं. आणि माझ्यासारखं जुनं कुणी कोपऱ्यात उभं दिसलं तर एकदा नावाने हाक मारून बघावी.

पहिल्या सोमवारी माझ्यावर एकच कोट होता. आज सात आहेत, एक ओली छत्री आणि कुणाची तरी लोकरीची टोपी. माझे सांधे दुखताहेत. तरी एकही कुणी काढू नका.